चालकाची चूक

माझ्या बापाला क्लच सोडता येत नाही, असं एका कागदावर छापून आलं होतं. कागद आमच्याच कंपनीचा, निघाला आमच्याच खात्यातून. ज्या साहेबांनी तो लिहिला त्यांना माहीत नव्हतं की तो चालक म्हणजे माझा बाप, आणि मीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण ती ओळ वाचली आणि डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला चहाचा कप मी टेबलावर आदळला. निम्मा चहा की-बोर्डवर सांडला. सांडू दे, म्हटलं.

वडलांना आम्ही नाना म्हणतो. तिसगावपासून थोडं आत, वाडीवर आमचं घर. नाना तरुणपणी ऊसतोडीला जायचे, मग मुकादमाच्या ट्रॅक्टरवर शेजारी बसून बसून चालवायला शिकले, आणि तेव्हापासून दर हंगामाला उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या ओढतात. मी शाळेत होते तेव्हा अर्धं वर्ष आम्ही कारखान्याच्या कडेला, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचो. ट्रॅक्टरच्या घरघरीत मी पाढे पाठ केलेत. नानांचं चालवणं असं, की उसावर एखादी म्हातारी झोपलेली असली तर चढावर तिची झोप मोडायची नाही. हे मी लेक म्हणून नाही सांगत. कारखान्याच्या यार्डातले जुने ड्रायव्हर सांगायचे.

पुढं मी नगरला डिप्लोमा केला आणि एमआयडीसीतल्या एका इंजिन कारखान्यात लागले. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री बदललं, पण आमच्या तोंडात अजून नगरच. खातं मिळालं कॅलिब्रेशनचं. आईनं विचारलं, ‘म्हंजे तू करतीस काय तिथं?’ मी म्हटलं, ‘भाकरीला पीठ किती, पाणी किती, तवा किती तापलेला, हे तू हातानं ठरवतीस ना? इंजिनाचं तसंच. किती वेगाला, किती ओझ्याला, किती डिझेल फवारायचं, कुठल्या क्षणाला, हवा किती घ्यायची, हे आता इंजिनावरचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला आकड्यांचा मोठा तक्ता भरून द्यावा लागतो. तो आम्ही भरतो.’ आई म्हणाली, ‘एवढं करून भाकरी येती का तुला?’ भाकरी मला आजही धड येत नाही.

हा तक्ता पूर्वी माणसं हातानं भरायची. आमच्या टेस्ट सेलमधले चाचा त्यांतले शेवटचे. टेस्ट सेल म्हणजे जाड भिंतींची खोली. आत इंजिन बांधून ठेवायचं, त्याला डायनॅमोमीटर नावाचं यंत्र जोडायचं, आणि त्या यंत्रानं इंजिनावर ओझं टाकायचं. चाचा काचेबाहेर उभे राहून एकेका वेगाला, एकेका ओझ्याला धूर बघायचे, कान लावायचे, आकडा थोडा वर, थोडा खाली करायचे. एका इंजिनाला वर्ष जायचं. धुराच्या नव्या नियमांच्या इंजिनात फिरवायच्या गोष्टीच इतक्या, की तसं करत बसलं तर माणसाचा जन्म पुरायचा नाही. म्हणून आता कॉम्प्युटरच ठरवतो की कुठल्या मोजक्या ठिकाणी मोजून बघायचं. इंजिन तोच चालवतो, मोजतो तोच, आणि त्या मोजमापांवरून इंजिनाचं गणित मांडतो. त्याला मॉडेल म्हणतात. मग पुढचे हजार प्रश्न इंजिनाऐवजी मॉडेलला विचारायचे. मला हे काम मनापासून आवडतं. उगाच कुणी म्हणू नये की बाई जुन्या वळणाची आहे आणि यंत्रावर खार खाऊन आहे.

आता माझी चूक सांगते.

शेतात इंजिनाला नक्की काय काय करावं लागतं हे मॉडेलला कळावं, म्हणून कंपनीनं काही नवे ट्रॅक्टर लोकांना वापरायला दिले होते. प्रत्येकावर एक डबी. इंजिन कधी चालू, वेग किती, ओझं किती, सगळं डबीत नोंदलं जायचं आणि मोबाईलच्या रेंजवरून आमच्याकडं यायचं. त्यातला एक ट्रॅक्टर सोनईकडच्या एका बागायतदाराला गेला. नाना त्याच मालकाकडं ड्रायव्हर. दिवाळीत घरी गेले तेव्हा नाना कौतुकानं म्हणाले, ‘तुमच्या कंपनीचं नवं इंजिन हाय. लई गोड चालतंय.’ मी हो म्हटलं आणि करंजी तळायला उठले. कंपनीत अवाक्षर काढलं नाही.

ती आलेली माहिती साफ करायचं काम माझ्याकडं होतं. नियम साहेबांनी घालून दिला होता. इंजिन चालू आहे आणि बराच वेळ चाक जवळजवळ हललेलंच नाही, असा पट्टा दिसला की चालक इंजिन बंद करायला विसरला असं समजायचं आणि तो पट्टा काढून टाकायचा. कॉम्प्युटर असे पट्टे लाल रंगात दाखवायचा. मी बघायचं आणि बटण दाबायचं.

उसाच्या ट्रॅक्टरांचे पट्टे निम्मे लाल. पाच पाच, सहा सहा तास इंजिन नुसतं घुरघुरतंय. मधेच दहा फूट पुढं, परत उभं. साहेब पुण्याचे, त्यांनी कधी साखर कारखान्याच्या यार्डात पाऊल टाकलेलं नाही, त्यांना ते काय कळणार. मला एका नजरेत कळलं. ती वजनकाट्यापुढची नंबरची रांग होती.

यार्डाची रीत अशी, की रांगेत कुणीही इंजिन बंद करत नाही. इंजिन गप्प झालं म्हणजे ड्रायव्हर झोपला, असं धरतात, आणि मागचा बिनधास्त पुढं काढतो. त्यावर भांडायचीही सोय नाही. ‘बंद हुतं की तुमचं!’ म्हणाला की संपलं, ड्रायव्हरांची पंचायतसुद्धा त्याच्याच बाजूनं बोलणार. बंद केलं आणि बॅटरीनं दगा दिला तर तेही तेच. म्हणून ड्रायव्हर खाली उतरून भाकर खाईल, दाढी करील, पण इंजिन चालू ठेवील. विसरतंय कोण? तिथं विसरणारा एकही नाही.

मग मी तेव्हाच का नाही बोलले? लाज वाटली. त्याच दुपारी डबा खाताना कुणीतरी म्हणालं होतं, की हे उसाचे ट्रॅक्टरवाले म्हणजे मोठ्यानं गाणी लावायची आणि रस्ता अडवायचा, दुसरं काही यांना येतच नाही. सगळे हसले. मीही हसले. डबा धुतला, जागेवर येऊन बसले, आणि ते लाल पट्टे एकेक करून काढून टाकले. त्यात नानांचे किती होते हे मी बघितलं नाही. बघायचंच नव्हतं.

हंगाम ऐन भरात असताना ती गोष्ट घडली. कारखान्यात वजनकाट्यावर जायला एक छोटा चढ आहे. सकाळपासून रांगेत थांबलेल्या नानांचा नंबर दुपारी आला. पहिला गिअर टाकून चढावर त्यांनी क्लच सोडायला घेतला आणि तेवढ्यात इंजिन दबलं. खोकलं, वेग गेला, बंद. ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. दोन ट्रॉल्यांच्या वजनानं ट्रॅक्टरच मागं ओढला, मागची ट्रॉली आडवी झाली आणि पाठीमागच्या ट्रॅक्टरच्या तोंडावर जाऊन बसली. त्याच्या ड्रायव्हरनं उडी टाकली म्हणून वाचला, पाय तेवढा मुरगळला. नाना सीटवरून हलले नाहीत. दोन्ही ब्रेक दाबून तसेच बसले होते, असं बघणारे सांगतात.

‘इंजिन दबलं, मालक. म्या क्लच निम्मा बी सोडला नव्हता,’ नाना म्हणाले.

मालक म्हणाला, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’

तरी त्यानं कंपनीला कळवलं. आमच्या साहेबांनी डबीतली माहिती मागवली आणि मॉडेलला विचारलं. मॉडेल म्हणालं, या वेगाला इंजिनाकडं हवी त्यापेक्षा जास्त ताकद आहे, बंद पडण्याचा प्रश्नच येत नाही. इंजिन बरोबर, म्हणजे माणूस चूक. साहेबांनी लिहिलं, ‘चालकाने क्लच चुकीच्या पद्धतीने सोडल्यामुळे इंजिन बंद पडले.’ मालकानं नानांना ट्रॅक्टरवरून उतरवलं. यार्डात लोक त्यांना क्लचवाले नाना म्हणायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हे. आणि चोराच्या जागेवर बसले होते मी.

रविवारी घरी गेले. हंगामाच्या दिवसांत नानांना घरी बघायची आम्हाला सवयच नाही. ओसरीत खाटेवर बसले होते. तोंड भिंतीकडं, आणि डावा पाय हळूहळू वर उचलत होते. परत खाली दाबायचे, परत हळूहळू वर. मला वाटलं गुडघा दुखतोय. मग उमगलं, ते क्लच सोडून बघत होते.

‘खरं सांग मला,’ माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘तुमचं मशीन म्हंतंय ते बराबर हाय का? पाय जड झालाय का माझा? म्हाताऱ्या माणसाचं त्याला सोताला कळत न्हाई.’

इतकी वर्षं ज्या पायाचा लोक दाखला देत होते, त्या पायावर माझा बाप संशय घेऊन बसला होता. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. डबी, लाल पट्टे, रांग, बटण.

‘का गं काढलंस?’

‘लाज वाटली, नाना.’

‘माझी?’

मी मान खाली घातली. नाना ‘बरं’ म्हणाले आणि उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये उभी. काढून टाकलेली मूळ माहिती कॉम्प्युटरात तशीच असते, ती शोधून घेऊन गेले होते. म्हटलं, ‘साहेब, ही विसरलेली इंजिनं नाहीत. ही यार्डातली रांग आहे. मॉडेलनं सहा तास रांगेत थांबलेलं इंजिन जन्मात बघितलेलं नाही, त्यामुळं त्याच्याबद्दल बोलायचा त्याला अधिकार नाही. आणि हे पट्टे मी काढलेत, माहीत असून काढलेत.’

साहेबांनी चष्मा काढला. ‘माहीत असून? का?’

‘कारण तो ड्रायव्हर माझा बाप आहे, आणि हे तुम्हाला कळायला नको होतं.’

एकदा तोंडातून निघाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. साहेबांना मात्र भलतंच दिसलं. ‘अहो, मग हे तुमचं घरचं प्रकरण झालं. तुम्ही यात पडूच नका. कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता? रिपोर्ट गेलाय. विषय संपला.’

‘दोन दिवस सेल द्या मला. यार्डातल्यासारखं इंजिन चालवून दाखवते.’

‘सेलचं वेळापत्रक कॉम्प्युटर ठरवतो. त्यात ही चाचणी बसत नाही. मॉडेललाच परत एकदा विचारून बघा हवं तर.’

ज्यानं खोटी साक्ष दिली त्यालाच परत विचारा म्हणे! मी बाहेर आले ती ठरवूनच, की आता परवानगी गेली खड्ड्यात.

त्याच आठवड्यात धूर मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं आणि सेल दोन दिवस रिकामा पडला. मी चाचांकडं गेले. चाचा नगरचेच, मुकुंदनगरला राहणारे, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. त्यांचंही नुकसान होऊ शकलं असतं, तेही त्यांना स्पष्ट सांगितलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. ‘बेटा, चोरून करायचं असेल तर मी नाही,’ म्हणाले. ‘रजिस्टरात लिही. वेळ, कारण, तुझं नाव. खाली माझं.’ मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘यार्डातल्या रांगेची चाचणी. परवानगी मागितली, मिळाली नाही.’ चाचांनी सही केली आणि कॉम्प्युटरकडून इंजिन हातात घ्यायचा खटका फिरवला. तो खटका कैक महिन्यांत कुणी फिरवला नव्हता.

पहिल्या दिवशी सकाळी दहाला इंजिन चालू केलं आणि घुरघुरत ठेवलं. पाव तासानं थोडं ओझं, दहा फूट सरकण्याएवढं, की परत नुसतं घुरघुरणं. यार्डाची रांग कशी सरकते हे मला कुठं वाचायला लागत नव्हतं. दुपारी चारला चाचांनी चढाचं ओझं टाकलं.

इंजिनानं ओझं झकास ओढलं. हूं की चूं नाही.

बाथरूममध्ये जाऊन मी रडले, खोटं कशाला सांगू. आता मलाही वाटायला लागलं की नानांचा पायच जड झाला असेल. बापाची लाज वाटून माहिती काढून टाकणारी मी, आणि आता बापावर विश्वास न ठेवणारीही मीच. तोंडावर पाणी मारून बाहेर आले तर चाचा पाण्याच्या पाइपांकडं बघत उभे.

‘बेटा, तुझ्या बापाच्या ट्रॅक्टरला यार्डात गरम पाणी कोण पाजतं?’

मी कपाळावर हात मारला. सेलमध्ये इंजिनाचं पाणी एका वेगळ्या यंत्रानं कायम तापतं ठेवतात, म्हणजे प्रत्येक मोजमाप सारख्या परिस्थितीत होतं. यार्डात हिवाळ्याचं वारं आणि नुसतं घुरघुरणारं इंजिन. ते तापणार कुठून? मॉडेलनं थंड पडलेलं इंजिनसुद्धा बघितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पाणी तापवणं बंद केलं, मोठा पंखा इंजिनावर सोडला आणि सकाळपासून तीच रांग परत चालवली. चार वाजायच्या आत दार उघडून साहेब आत. रजिस्टर त्यांच्या हातात.

‘कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?’

‘कुणाच्याच नाही. लिहिलंय तसं.’

‘बंद करा ते. आत्ता.’

‘नाही करणार,’ मी म्हणाले. ‘साहेब, नोकरीवरून काढायचं तर उद्या काढा. आज पाच मिनिटं थांबा. ओझं तुम्हीच टाका, तुमच्या हातानं. म्हणजे बापासाठी लेकीनं काही केलं असं म्हणायला नको.’

साहेब तावातावानं पुढं आले आणि त्यांनी बटण फिरवलं. चढाएवढं ओझं. इंजिन आधी गुरगुरलं, मग खोकलं, काटा घसरत घसरत खाली आला आणि इंजिन बंद पडलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. साहेबांनी परत चालू करायला लावलं. परत ओझं टाकलं. परत बंद.

‘आता सांगा साहेब,’ मी म्हणाले, ‘क्लच कुणी चुकीचा सोडला? या खोलीत क्लचच नाही.’

चाचांनी इंजिन थोडं निवू दिलं आणि एक झडप खोलून त्यांच्यापुढं धरली. थोडा धूर परत इंजिनात घ्यायचा असतो, त्यासाठीची ती झडप. तासन् तास थंड घुरघुरण्यानं काजळी साचून ती अर्धवट उघडीच अडकली होती. आत हवेच्या जागी धूर जात होता. आणि आमच्याच तक्त्यात लिहिलेलं, की हवा कमी दिसली तर डिझेल आवर, नाहीतर काळा धूर निघेल. कॉम्प्युटरनं इमानानं डिझेल आवरलं, आणि चढावर ताकदच उरली नाही. साहेबांनी झडपेवर बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, ‘तुम्ही घरी जा. उद्या बघू.’

पुढचं काम मात्र साहेबांनी चोख केलं, हे सांगायलाच पाहिजे. यार्डातली रांग मॉडेलला दाखवली, थंड इंजिनाची मोजमापं घेतली, इंजिन फार वेळ घुरघुरत राहिलं तर ती झडप मिटून घ्यायची आणि आतली आच वाढवायची असा नवा तक्ता केला. लोकांना दिलेल्या सगळ्या ट्रॅक्टरांमध्ये तो भरला. नवा रिपोर्ट लिहिला, मला वाचायला दिला. ‘विशिष्ट परिस्थितीतील माहितीची भर घालून मॉडेल अधिक परिपूर्ण करण्यात आले.’ मी खालीवर तीनदा वाचलं. नानांचं नाव नाही, चालकाचा उल्लेख नाही. जुनी ओळ जिथल्या तिथं.

‘साहेब, हे मॉडेलचं झालं. माणसाचं काय?’

‘अहो, इंजिन दुरुस्त झालं ना? कंपनी स्वतःची चूक अशी लिहून देत नसते. वरचे लोक मान्य करणार नाहीत.’

‘चूक तर तुम्ही लिहून दिलीच होती. माणूस चुकीचा निवडला एवढंच.’

साहेब म्हणाले, वाढवू नका. मी म्हटलं, वाढवणार. जागेवर जाऊन बसले आणि एक पानभर अर्ज लिहिला. कुठली माहिती मी काढली, का काढली, सेलमध्ये काय झालं, इंजिन कुणाच्या हातानं आणि क्लच नसताना किती वेळा बंद पडलं, सगळं. आवक-जावकला नेऊन त्यावर शिक्का मारून घेतला आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवली. आता तो कागद फायलीत असताना जुनी ओळ खरी म्हणायची कुणाची बिशाद नव्हती. आठ दिवस माझ्याशी खात्यात कुणी धड बोललं नाही. नवव्या दिवशी साहेबांनी दोन लिफाफे दिले. एकात माझ्या नावानं लेखी ताकीद होती, माहिती काढल्याबद्दल आणि परवानगी नसताना सेल वापरल्याबद्दल. ती मी मुकाट्यानं घेतली. पहिली गोष्ट मी केलीच होती, आणि दुसरी उद्या परत करीन. दुसऱ्या लिफाफ्यात मालकाच्या नावानं पत्र होतं. खाली साहेबांची स्वतःची सही.

मालकाला पत्र पोस्टानं जाणारच होतं, पण मला धीर कुठला. रजा टाकली, नानांना घेतलं आणि दोघं एसटीनं कारखान्यावर गेलो. मालक यार्डातच होता, काट्याजवळ चहा पीत. आजूबाजूला पाच-सात ड्रायव्हर, पलीकडं ट्रॅक्टरांची रांग. आम्हाला बघून कुणीतरी म्हणालं, ‘आले बघा क्लचवाले.’ नानांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. मी लिफाफा मालकापुढं धरला.

मालकानं फोडला, मनातल्या मनात वाचला, घडी घातली. ‘ठीक हाय नाना,’ म्हणाला. ‘झालं गेलं गंगेला मिळालं. उद्यापासनं या ट्रॅक्टरवर.’ आणि पत्र खिशात टाकायला लागला.

‘मालक, तो कागद द्या जरा पोरीकडं,’ नाना म्हणाले.

मालकानं दिला. नाना माझ्याकडं वळले. ‘वाच.’

मी वाचायला लागले. ‘सदर घटनेत इंजिन बंद पडण्यास चालक जबाबदार नाही. चालकाने क्लचचा वापर योग्य रीतीने केला होता. आमच्या आधीच्या अहवालातील यासंबंधीचे विधान चुकीचे होते, ते आम्ही मागे घेत आहोत.’

मालक म्हणाला, ‘बास की आता. कळलं सगळ्यांला.’

‘कोन लिहितंय हे?’ एका ड्रायव्हरनं विचारलं.

‘कंपनी,’ नाना म्हणाले. ‘आन् वाचतीय ती माझी लेक हाय. तिथंच कामाला हाय.’ मग मला म्हणाले, ‘पुन्यांदा वाच. मोठ्यानं. मागच्यांला ऐकू गेलं न्हाई.’